पिशवी आणि भीड

मराठी मध्यमवर्गीय घरात वस्तूला मरण नसते. तिची फक्त बदली होते. ज्या लुगड्याने ऐन उमेदीत लग्नेमुंजी मिरविल्या, ते विरल्यावर गोधडीच्या पोटात रुजू होते. गोधडी जीर्ण झाली की तिचे पायपुसणे होते. आणि पायपुसण्याचेही सूत सुटू लागले म्हणजे त्याची चिंधी होऊन ती आधी सायकलच्या आणि पुढे स्कूटरच्या सेवेत आपली उरलीसुरली वर्षे काढते. या नोकरीत बढती नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि मुख्य म्हणजे राजीनामा मंजूर करण्याचा शिरस्ताच नाही. डालड्याच्या रिकाम्या डब्याने तुळस डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे अंगणात पहारा केला, रॉकेलच्या डब्याला लाकडी दांडा बसून त्याची बादली झाली, आणि वाचून झालेले वर्तमानपत्र फडताळात अंथरले गेल्यामुळे, तेथला डबा हलविणाऱ्या पाहुण्याला त्या घराच्या शेवटच्या साफसफाईची तारीख मथळ्यासकट वाचावयास मिळू लागली. पर्यावरण हा विषय शाळेत शिकविला जाऊ लागण्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्या-पणज्या त्यात पारंगत होत्या. शेजारीपाजारी त्यांना चिकट म्हणत, एवढेच.

अशा घरात प्लास्टिकाने प्रथम पाऊल टाकले, तेव्हा न फुटणारी, न गंजणारी, न कुजणारी, नळाखाली धरली की पुन्हा कोरी होणारी, आणि या सर्वांवर कळस म्हणजे बहुतेक वेळा फुकट मिळणारी ही वस्तू पाहून, ईश्वराने आपल्या काटकसरीची अखेर दखल घेतली असे आमच्या गृहिणींना वाटले असल्यास नवल नाही. जिला मरण नाही अशी वस्तू आणि जे कोणाला मरू देत नाही असे घर, यांची गाठ पडली. आणि त्या शुभसंयोगाची फळे आज आमच्या पोटमाळ्यावर, ओट्याखाली, पलंगाच्या पोटात आणि शीतकपाटाच्या माथ्यावर सुखेनैव नांदत आहेत.

वास्तविक प्लास्टिकाचा जन्मही काटकसरीच्या पोटीच झालेला आहे. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत लागे, ते दिवसेंदिवस महाग होत चालले, म्हणून त्याला पर्याय शोधता शोधता अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट या गृहस्थांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. पुढे स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने बंदांसकट एकसंध अशी प्लास्टिकची पिशवी काढली आणि १९६५ साली तिचे पेटंट झाले. कागदी पिशव्यांपायी होणारी झाडांची तोड थांबावी हा आपल्या वडिलांचा हेतू होता, असे थुलिन यांच्या चिरंजीवांनी सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर थुलिन स्वतः अशी एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत आणि पुन्हा पुन्हा वापरीत. हे सद्गृहस्थ सदाशिव पेठेत जन्माला आले असते तर त्यांचे वेगळेपण कोणाच्या ध्यानातही आले नसते. एकदा वापरून पिशवी फेकून द्यावयाची, ही कल्पना त्यांना विचित्र वाटे. आणि त्यांच्या पिशवीने साऱ्या जगाला नेमकी तीच कल्पना शिकविली.

आमच्या घरी मात्र थुलिनसाहेबांचा संप्रदाय अखंड चालू होता. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर एक पिशवी आहे, तिच्या पोटात घरातील इतर सर्व पिशव्या आहेत, आणि या दप्तराच्या फडणीस आमच्या मातोश्री आहेत. तेथे प्रत्येक पिशवीचा दर्जा ठरलेला. शालूच्या दुकानातून आलेली जाड, चकचकीत, दोरीच्या बंदांची पिशवी सर्वांत वर. ती केवळ परगावच्या सोयरिकीत फराळाचे नेण्यासाठी राखीव, आणि तीतून काय नेले यापेक्षा तीवरचे दुकानाचे नाव समोरच्याने वाचले की नाही याची चौकशी अधिक. त्याखाली मध्यम प्रतीच्या पिशव्या, ज्यांतून घरच्या कढीपत्त्याची व शेजारणीला परत करावयाच्या वाटीची ने-आण होते. आणि सर्वांत खाली भाजीबाजारातील झबला पिशवी. तिची त्रिकोणी घडी घालून आई ती अशी दडपून बसविते की, वरून पाहणाऱ्याला अवघ्या पाच-पंचवीस पिशव्या दिसाव्यात आणि प्रत्यक्ष खानेसुमारीत त्यांची संख्या एखाद्या लहानशा गावाला शोभावी.

पिशव्यांचे हे, तर डब्यांचे विचारावयासच नको. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असण्याचा कालावधी फार अल्प. त्यानंतर त्याच्या आयुष्याचे उत्तरकांड सुरू होऊन त्यात मेथीदाणे, शिवणाची बटणे, शाडूचा उरलेला गोळा, अथवा कोणत्या यंत्राचे आहेत हे कोणालाच माहीत नसलेले स्क्रू यांची वसती होते. वरचे चित्र मात्र कायम असल्यामुळे आमचे चिरंजीव दर खेपेस नव्या आशेने झाकण उघडतात. याखेरीज संक्रांतीचे वाण! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने प्लास्टिकच्या चाळण्या, साबणदाण्या, चमचे आणि झाकणे यांची जी लूट होते, ती पेशवाईतल्या एखाद्या स्वारीतही झाली नसेल. या लुटीतील वस्तू वापरावयाच्या नसतात, पुढच्या संक्रांतीला पुढे सरकवावयाच्या असतात. आमच्या घरातून गेलेली एक हिरवी साबणदाणी संपूर्ण कोथरूड हिंडून काही संक्रांतींनंतर आमच्याच दारी परत आली, तेव्हा तिच्या कोपऱ्यावरचा टवका पाहून सौभाग्यवतींनी तिला ओळखले. आणि ओळख न दाखविता ती दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर रवाना केली.

हा सुखाचा कारभार असाच चालावयाचा, पण मध्यंतरी सरकार जागे झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली, तेव्हा गटारांच्या तोंडाशी दाटलेल्या पिशव्यांवर आरोपपत्र ठेवण्यात आले, आणि पुढल्याच वर्षी ५० मायक्रॉनहून पातळ पिशवी राज्यात वर्ज्य ठरली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या मंडईतील भाजीवाले, ज्यांच्या तराजूत पावशेराचे मोजमापही दैवाधीन, ते त्या दिवसापासून “घ्या साहेब, ही चालते, पन्नासची आहे,” असे एका बोटाने पिशवी चोळून सांगू लागले. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघाली. हिचा आवाका मोठा होता: उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक! पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, आणि तिसऱ्याला २५,००० रुपयांसह तीन महिने कारावास.

वर्तमानपत्रातील हा तपशील मी मोठ्याने वाचला. ‘वापर’ या शब्दापर्यंत आई निर्विकार होती. ‘साठवणूक’ हा शब्द उच्चारताच तिने दारामागच्या खुंटीकडे एक कटाक्ष टाकला, गॅस बारीक केला आणि पुन्हा एकदा वाच म्हणून सांगितले. त्या रात्री घरात निजानीज झाल्यावर पोटमाळ्याची शिडी कुरकुरल्याचा आवाज आला. सकाळी खुंटी रिकामी होती, आणि त्या विषयावर कोणी काही विचारू नये असा आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट हुकूम होता. सरकारने दिलेल्या तीन महिन्यांच्या मुदतीत घराघरांतून पिशव्या बाहेर पडाव्यात अशी अपेक्षा होती. आमच्याकडून त्या केवळ एक मजला वर गेल्या.

सरकारी फर्मानाने जे साधले नाही ते घरातील तहकिकातीने साधले. ही तहकिकात आमच्या कन्येने, शाळेतील पर्यावरणाच्या तासाला स्फुरण चढून, एका रविवारी आरंभिली. घरातील यच्चयावत प्लास्टिक दिवाणखान्याच्या फरशीवर हजर करण्यात आले. पोटमाळाही झडतीतून सुटला नाही, आणि आईची ‘साठवणूक’ पंचांसमक्ष खाली उतरली. मग प्रत्येक डबा उपडा करून त्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यातील आकडा शोधण्याचे काम सुरू झाले. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक-व्यवसायाच्या संस्थेने ठरविलेले असून ते एकपासून सातपर्यंत आहेत. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पारदर्शक प्लास्टिक, २ म्हणजे शांपूच्या बाटल्यांचे टणक व अपारदर्शक, ३ पीव्हीसी, नळांचे, ४ लवचिक, दुधाच्या पिशवीच्या जातकुळीचे, ५ आपले घरगुती डबे व त्यांची झाकणे, ६ थर्माकोल, आणि ७ म्हणजे ज्यांना वरीलपैकी कोणीही आपले म्हणत नाही असे सगळे.

“म्हणजे गोत्रेच की,” आई म्हणाली, आणि तिने एका वाक्यात जे सांगितले ते कन्येच्या तक्त्याला चार पानांत जमले नव्हते. सप्तर्षींची सात गोत्रे, प्लास्टिकाचीही सात. भेद इतकाच की, माणसांत सगोत्र विवाह निषिद्ध, आणि येथे नेमका तोच शास्त्रसंमत. एका गोत्राचे प्लास्टिक त्याच गोत्राबरोबर वितळले तरच त्यातून धड वस्तू निपजते. दोन गोत्रे एका कढईत घातली तर ती परस्परांत मिसळत नाहीत आणि निपजते ते ठिसूळ, कोणाच्या उपयोगी न पडणारे. माणसाला जी सुधारणा मानवली ती बिचाऱ्या प्लास्टिकाला मानवत नाही. आणि वेफर्सचे पाकीट? त्यात आत-बाहेर दोन-तीन तऱ्हांचे पापुद्रे, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, सगळे एकमेकांना असे चिकटलेले की कोणत्याही भंगारवाल्याला ते वेगळे करता येऊ नयेत. त्या पाकिटाला पुढचा जन्म नाही. ते मोक्षाला जात नाही आणि येथेही कोणाच्या कामाचे राहत नाही, केवळ राहते.

फरशीवर वर्गवारी पूर्ण झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. डबे, बरण्या, साबणदाण्या, ज्यांच्या पुनर्वापरात आमच्या घराण्याची सारी प्रतिभा खर्ची पडली, ते संख्येने कितीही असले तरी वर्षानुवर्षे तेच होते. वाढ होत होती ती दुसऱ्याच ढिगात: बिस्किटांची वेष्टने, त्या वेष्टनाच्या आतले साचे, भाजी मंडईतून घरी येईपर्यंतच जिचे आयुष्य ती झबला पिशवी, सदऱ्याच्या कॉलरखाली घातलेली पट्टी आणि त्या सदऱ्यावरची पिशवी. आम्ही संस्थानिकांचा मानपान सांभाळीत बसलो होतो आणि राज्य भलत्याच्याच हाती गेले होते.

तरीही पुनर्वापराचा मोह सुटेना, कारण त्यात कलेला वाव असतो. याच सुमारास चिरंजीवांच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा उपक्रम निघाला. सोमवारी प्लास्टिकची रिकामी बाटली आणावयाची, हे रविवारी रात्री नऊ वाजता जाहीर झाले. घरात तांब्याचे आणि स्टीलचे पाणी. बाटली कोठून असणार? शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली विकत आणली, सौ.नी तीतले पाणी कुंडीला घातले, आणि अशा रीतीने जी वस्तू घरात कधी आली नसती ती केवळ टाकाऊ म्हणून पैसे मोजून आणण्यात आली. तिचे डोके कापून, अंगाला सोनेरी रंग फासून, त्यावर चमकी आणि टिकल्या डकवून जे टिकाऊ सिद्ध झाले ते लेखण्या ठेवण्याचे पात्र होते. पुढील इयत्तांत तेच पात्र निरनिराळ्या रंगांत पुनः पुन्हा अवतरले. आज आमच्या घरात लेखण्या ठेवण्याची सात पात्रे आहेत. लिहिणारी लेखणी शोधावी लागते.

या सर्व कलाकृतींचा अंतिम निवाडा आमच्याकडे कचरा नेण्यासाठी येणाऱ्या मावशींनी केला. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ पासून आहे, आणि या बायकांच्या बोटांना जे रसायनशास्त्र अवगत आहे त्यापुढे बुडाच्या आकड्यांची मातब्बरी नाही. मावशी वस्तू उलटी करून आकडा पाहत नाहीत. ती दाबतात, किंचित वाकवितात, नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात आणि पोत्यात टाकतात, किंवा टाकीत नाहीत. सोनेरी बाटली त्यांनी हातात घेतली, चमकीवरून अंगठा फिरविला, आणि दाराशी परत ठेवली. “कोरी असती तर घेतली असती ताई. आता ह्याला कोण घेतंय?” कोऱ्या बाटलीला भाव होता, ती दळली जाऊन तिचा धागा झाला असता, धाग्याचे कापड झाले असते. रंग, गोंद आणि टिकल्या यांनी आम्ही तिचा पुढला जन्मच हुकविला. चिरंजीव हिरमुसले, पण त्यांच्या बाईंनी त्याच बाटलीला ‘उत्तम’ असा शेरा दिलेला असल्यामुळे, शासनाच्या दोन खात्यांत मतभेद असू शकतो एवढे नागरिकशास्त्र त्यांना कळले.

मावशींना खरा रस होता तो दुधाच्या पिशव्यांत. या बाबतीत आमचे घर पहिल्यापासून निष्कलंक. पिशवी पातेल्यात उपडी करून झाल्यावर आई तीत दोन घोट पाणी घालते, खळबळून ते पाणीही दुधातच ओतते, (“फुकट जाईल काय ते?”) आणि मग पिशवी उभी कापून, धुऊन ओट्यामागच्या गुळगुळीत फरशीवर थापते. ओली आहे तोवर ती तेथे खिळ्यावाचून चिकटून राहते. वाळली की आपोआप सुटून ओट्यावर पडते. वाळण्याची वर्दी देणारी याहून बिनचूक व्यवस्था कोणत्याही खात्यात नसेल. तक्रार फक्त कोपऱ्याची होती. दूध ओतण्यासाठी सौ. पिशवीचा जो इवलासा त्रिकोण कापून टाकीत, तो केरात जाई, केरातून गटारात, आणि इतका बारीक तुकडा कोणतीही मावशी वेचीत बसत नाही. तेव्हा यापुढे कोपरा पुरता न तोडता पिशवीलाच लोंबकळत ठेवावा, असा ठराव कन्येने मांडला व तो एकमताने संमत झाला. २०१८ च्या बंदीतून दुधाच्या पिशवीला सूट देताना सरकारने ती परत घेण्यासाठी पन्नास पैशांची किंमत ठरवून दिली होती. पण पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू असले तरी ते देणारा आणि घेणारा असे दोघे एकाच वेळी एकाच ठिकाणी भेटण्याचा योग पंचांगात नसल्यामुळे, आमच्या पिशव्या मावशींच्या पोत्यातच जातात, आणि ते उचितच आहे.

येथवर सर्व सुरळीत झाले. अडले ते पुढे. असलेले प्लास्टिक पुरवून वापरणे वेगळे, आणि नवे घरात येऊच न देणे वेगळे. पहिल्याला काटकसर लागते, ती आमच्या हाडीमासी खिळलेली आहे. दुसऱ्याला समोरच्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणावे लागते. आणि पिढ्यान्‌पिढ्या ‘कशाला, असू द्या, बरं थोडंसंच’ या क्रमाने चहा घेत आलेल्या समाजाला तो शब्द जड जातो. बारकाईने पाहिले तर आमच्या घरातील बहुतेक प्लास्टिक गरजेपोटी आलेले नसून भिडेपोटी आलेले आहे.

भाजीवालीचेच पाहा. आपण कोथिंबिरीच्या जुडीकडे नुसते पाहिले तरी तिचा डावा हात पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे जातो. ती एक पिशवी ओढते, तिचे चिकटलेले तोंड अंगठ्याने चोळते, ते उघडत नाही म्हणून बोट किंचित ओले करते, पुन्हा चोळते, आणि मग फुंकर घालून ती फुगविते. एवढे सारे कष्ट एका माणसाने आपल्यासाठी घेतल्यावर, ‘पिशवी नको’ हे शब्द कोणत्या तोंडाने उच्चारावेत? तो शब्द तिचा हात गठ्ठ्याकडे जाण्यापूर्वी उच्चारला पाहिजे, म्हणजे भाव विचारण्याच्याही आधी. आणि भाव ठरण्यापूर्वीच पिशवी नको म्हटले तर हा गृहस्थ भाजीही घेणार नाही अशी तिची समजूत होऊन ती पुढल्या गिऱ्हाइकाकडे वळते.

डब्याची कथा याहून कठीण. चक्का आणण्यासाठी घरून स्टीलचा डबा न्यावयाचा, असा नवा नियम झाला व त्याची अंमलबजावणी माझ्याकडे आली. कचेरीच्या पोशाखात, हाती कडीचा डबा घेऊन, मी डेअरीच्या रांगेत उभा राहिलो. मालकांनी डबा आधी रिकामाच काट्यावर ठेवला, वजन शून्यावर आणले, झाकण विसरले होते म्हणून पुन्हा आणले, आणि या सर्व विधीच्या दरम्यान माझ्या मागची रांग ज्या नजरेने माझ्या पाठीकडे पाहत होती ती नजर मला कोटातूनही जाणवली. एका परिचिताने, “काय, आज स्वतः?” असे विचारले. दुसऱ्याने काहीच विचारले नाही. मात्र संध्याकाळी त्याची पत्नी आमच्याकडे येऊन, सगळे ठीक आहे ना, काही लागले तर संकोच करू नका, असे सौ.ना हळूच सांगून गेली. पिशवीवाचून खरेदी करणाऱ्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ढासळली असली पाहिजे, असा निष्कर्ष आमच्या वसाहतीत तूर्त रूढ आहे.

या सर्व प्रकारात आईला कसलीच अडचण पडली नाही. तिच्या लहानपणी तेल आणावयाचे ते घरच्या किटलीत. वाण्याच्या दुकानात डोक्यावर टांगलेल्या रिळातून सुतळी खाली येई आणि डाळ कागदाच्या पुडीत बसे. पुडी सुटली तर तो वाण्याचा दोष, आणि सुतळी गुंडाळून ठेवली नाही तर तो आपला. “पिशवी आहे माझ्याकडे,” हे ती दुकानदाराला अशा स्वरात सांगते की, त्याला आपण पिशवी पुढे करून काही आगळीक केली असे वाटून तो गडबडीने ती मागे घेतो. फक्त एका ठिकाणी तिलाही हार खावी लागली. लग्नसमारंभांत व दुकानांत मिळालेल्या, हाताला मऊ लागणाऱ्या पिशव्यांचा तिचा एक स्वतंत्र संग्रह होता, आणि त्या कापडी आहेत या भरवशावर तो जप्तीतून वाचला होता. कन्येने त्यांतील एकीचा कोपरा काडेपेटीच्या ज्योतीवर धरला. सूत असते तर जळून राख झाली असती. हा कोपरा आक्रसला, वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. न विणता, नुसते दाबून केलेले पाचव्या गोत्राचे प्लास्टिकच ते. “मेल्यांनी सोवळं नेसवलं होतं त्याला,” एवढेच आई म्हणाली. आणि तिच्या जुन्या पातळांतून सौ.नी खऱ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. त्यांतली एक माझ्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, आणि एक चपलांच्या वर अशा उंचीवर टांगलेली आहे की, घराबाहेर पडणाऱ्याच्या डोक्याला ती लागल्यावाचून राहू नये.

भिडेचा शेवटचा गड हळदीकुंकवाचा. प्लास्टिकचे वाण लुटावयाचे नाही हे ठरले, पण मग लुटावयाचे काय? बऱ्याच खलानंतर, खाऊन संपेल आणि पुढे सरकविता येणार नाही असे काहीतरी असावे, या तत्त्वावर कागदात बांधलेली गुळाची लहान ढेप पसंत झाली. बायकांनी ती घेतली, कपाळाला लावली, आणि जिन्यात गेल्यावर एकीने दुसरीला काय विचारले ते आमच्या दाराच्या झरोक्यातून आत ऐकू आले: “यांच्याकडे आता डबा मिळत नाही वाटतं?” सौ.च्या डोळ्यांत त्या क्षणी पराभव होता. पण दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरून निरोप आला की, गूळ कोठला, फारच सुरेख होता. आणि साबणदाणीविषयी असा निरोप आजवर कोणाच्याही घरून कोणालाही आलेला नाही.

आता हिशेबाची बाजू. भाजीच्या पिशव्या जवळजवळ बंद झाल्या. दुधाच्या राहिल्या, पण कोपऱ्यासकट मावशींच्या स्वाधीन होतात. बिस्किटे कमी होऊन शंकरपाळे वाढले, त्यामुळे वेष्टने घटली आणि माझा कंबरपट्टा वाढला. शिल्लक राहिले ते टपालाने येणारे. चिरंजीवांची एक भूमितीची पेटी, जी मुठीत मावावी, ती खोक्यात, फुगविलेल्या पिशव्यांच्या गादीवर, आणखी एका पिशवीत पहुडून आली; आणि येथे आमची नवी विद्या कुंठित झाली. भाजीवालीला ‘नको’ म्हणता येते, कारण ती समोर बसलेली असते. येथे ‘नको’ म्हणावयाचे तर कोणाला? आणून देणारा मुलगा तर जिन्याच्या खालच्या वळणावर पोहोचलेला असतो. घराघराने सुतळी गुंडाळावी हे ठीक. पण बांधणारानेही बांधलेले परत न्यावे, हे न्यायाचेच आहे. प्लास्टिक कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियमही वस्तू करणाऱ्यांवर व आपल्या छापाने ती विकणाऱ्यांवर तिच्या वेष्टनाचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी टाकतात.

हे कलम कन्येने वाचून दाखविताच आईने चष्मा पुसला. “पत्ता आहे ना त्यांचा खोक्यावर? मग द्या की पाठवून परत.” त्याप्रमाणे घरात जमलेल्या फुगीर पिशव्यांची हवा काढून, चपट्या करून, त्या सुतळीने बांधण्यात आल्या, आणि आमच्या कुटुंबाच्या वतीने एक पत्र तयार झाले: आपला माल पोहोचला, तो चांगला आहे, सोबतचा ऐवज आपला आपणांस साभार परत, पोच द्यावी. मजकुरावर सर्वांचे एकमत आहे. मात्र शेवटी ‘आपला नम्र’ असे लिहावे, असा माझा आग्रह. नुसते ‘आपला’ पुरे, असे सौ.चे मत, आणि ज्याचा कचरा त्याला परत करताना नम्र व्हावयाचे कारणच काय, असा आईचा सवाल. हा वाद मिटेपर्यंत पत्र टेबलावर तहकूब आहे.